कर्म कोणाचे, प्रारब्ध कोणाचे?



इ.स. १९१७ साली आषाढी एकादशी जूनच्या अखेरीस आली होती. एकादशीला जेमतेम आठवडा उरला होता, दिंड्या पंढरीच्या वाटेवर होत्या, पाऊस लागला होता. त्याच दिवसांत, २३ जूनला, मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर भर समुद्रात ‘मंगोलिया’ नावाची आगबोट पाण्याखालच्या सुरुंगावर आदळली आणि पंधरा मिनिटांच्या आत बुडाली. पी. अँड ओ. कंपनीची, साडेनऊ हजार टनांची, लंडनहून निघालेली ही टपालाची आणि उतारूंची बोट. तेवीस माणसे गेली. बाकीची होड्यांतून वाचली.

संतसज्जनहो, आपण नागपूरकडचे लोक. समुद्र आपल्यापासून आठशे किलोमीटरांवर. आपल्या भागात ‘चंद्रभागा’ म्हटले की पंढरपूरची आठवते, नाहीतर धापेवाड्याची. एका विलायती कंपनीच्या बोटीची शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. गोष्ट बोटीची नाहीच. आपण रोज तोंडाने म्हणतो त्या एका शब्दाची आहे. कुठे अपघात झाला, कोणाचे तरुण पोर गेले, की आपण हात जोडतो आणि म्हणतो, ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध.’ हा शब्द कुठे बोलावा आणि कुठे गिळावा, एवढाच आजचा विचार. त्यासाठी मला ‘मंगोलिया’ची गोष्ट जवळची वाटते, कारण तिच्यात कर्म करणारा आणि भोगणारा यांच्यामध्ये चार महिने आणि हजारो मैल पडले आहेत.

आधी पाणसुरुंग म्हणजे काय ते समजून घेऊ. बाहेरून पाहिले तर लोखंडाचा मोठा पोकळ गोळा. आत दारू भरलेली, तरी पोकळीतल्या हवेमुळे तो तरंगू पाहतो. खाली तळाला एक वजनदार पेटी आणि तिला बांधलेली तार. तार गोळ्याला वर येऊ देत नाही आणि तरंगण्याची ओढ त्याला खालीही जाऊ देत नाही; पाण्याच्या पृष्ठभागाच्या थोडा खाली, डोळ्याला दिसणार नाही असा तो ताटकळत राहतो. गोळ्याच्या अंगावर शिशाची शिंगे असतात. शिसे मऊ. प्रत्येक शिंगात काचेची नळी आणि नळीत तेजाब. बोटीचा तळ शिंगाला लागला की शिसे वाकते, काच फुटते, तेजाब खाली उतरते, तिथे वीज तयार होते आणि ती वीज दारू पेटवते. यात कुठेही माणूस नाही. कोणाला विचारायचे नाही, कोणी नेम धरायचा नाही. लष्करी जहाज असो, धान्याचे असो, लेकुरवाळ्या बायका बसलेले असो, शिंगाला एकच भाषा कळते, ती म्हणजे धक्का.

आपला पांडुरंगही उभाच आहे. येणाऱ्याला तोही विचारत नाही की तू कोण, कुठला, काय जातीचा. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर तो वाट पाहत उभा राहिला. आणि इथे समुद्रात माणसाने लोखंडाचा गोळा उभा केला, तोही कोणाला काही विचारत नाही. या दोन उभे राहण्यांतले अंतर मोजायला गेलो तर सगळा परमार्थ त्यात येईल. पण आपण गोष्टीकडे वळू.

हे सुरुंग मुंबईच्या समुद्रात टाकले ते ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने. वुल्फ म्हणजे लांडगा. पण जन्माने तो लांडगा नव्हता. हे जहाज १९१३ साली बांधले तेव्हा त्याचे नाव ‘वाख्टफेल्स’ होते आणि ब्रेमेनच्या हान्झा कंपनीचे ते मालवाहू जहाज होते. ही कंपनी हिंदुस्थानशी व्यापार करून मोठी झालेली. म्हणजे या बंदरांची वाट ज्या घराण्याला पोटापाण्यासाठी ठाऊक झाली होती, त्याच घराण्याचे जहाज आता तोफा लपवून, पोटात साडेचारशेच्या वर सुरुंग घेऊन त्या वाटेवर आले. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी ते कीलहून निघाले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला सुरुंग टाकले, कोलंबोपुढे टाकले, फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईपुढे टाकले आणि निघून गेले. दक्षिण आफ्रिकेपुढच्या सुरुंगांवर जानेवारीतच जी पहिली बोट गेली तिचे नाव होते ‘माथेरान’. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या डोंगराचे नाव घेऊन एक बोट तिकडे बुडाली, हे किती मराठी माणसांना ठाऊक असेल?

मुंबईपुढचे गोळे मात्र चार महिने तसेच ताटकळत होते. मग जूनमध्ये ते बोलू लागले. १७ जूनला ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ ही मालाची बोट गेली. २३ ला ‘मंगोलिया’. २९ जुलैला ‘ओखला’. आणि ज्या दिवशी ‘मंगोलिया’ बुडाली त्या दिवशी ‘वुल्फ’ कुठे होते? न्यूझीलंडच्या बाजूला, प्रशांत महासागरात, तिथल्या किनाऱ्यापुढे नवे सुरुंग टाकायच्या तयारीत. मुंबईपुढे काय झाले हे त्या क्षणी त्यांच्यापैकी एकालाही कळले नाही. कदाचित जेवत असतील. कदाचित घरच्या आठवणी काढत असतील.

आता या गोष्टीतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब सांगतो. ‘वुल्फ’चा कप्तान कार्ल नेर्गर हा क्रूर माणूस नव्हता. समोरासमोर गाठलेल्या बोटी तो बुडवी, पण बहुतेक वेळा आधी त्यांवरची माणसे आपल्या जहाजावर घेई. एका बोटीशी चकमक झाली तेव्हा माणसे मेली, पण ती त्याची नेहमीची रीत नव्हती. त्यात बायका होत्या, मुले होती. तळघरासारख्या जागेत, दाटीवाटीने, पुढेपुढे अर्धपोटी, रोगांनी गांजलेले असे चारशेहून अधिक कैदी त्याने आपल्याबरोबर वागवले आणि ४५१ दिवसांची फेरी पुरी करून २४ फेब्रुवारी १९१८ रोजी कीलला नेऊन पोचवले. कैद ती कैदच, पण जीव राखले. म्हणजे ज्याचे तोंड त्याला दिसले, त्याला मारायला त्याचा हात सहसा उचलला नाही. ज्याचे तोंड दिसले नाही, त्याला त्याने विनासायास मारले. माणूस तोच, हातही तेच. मधे फक्त न दिसणे आले.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहान मोठ्याच्या आणि मोठा लहानाच्या. बाहेरच्यांना वाटते ही एक रीत आहे. पण रीत नीट पाहिली तर तिच्यात आधी समोरच्याचे तोंड पाहावे लागते. ‘माऊली’ म्हणायला कोणीतरी समोर असावा लागतो. नेर्गरच्या कैद्यांना हे थोडे मिळाले. ‘मंगोलिया’च्या तेवीस जणांना मिळाले नाही. संतांनी दर्शनावर एवढा भर का दिला, हे मला मूर्तीपुढे जेवढे कळले त्यापेक्षा या लढाईच्या गोष्टीने अधिक कळले.

तर आता तो शब्द. त्या तेवीस जणांचे प्रारब्ध होते काय?

आपल्या संप्रदायात संचित, प्रारब्ध, क्रियमाण या तीन शब्दांवर घोटून घोटून प्रवचने झाली आहेत. जे साठलेले ते संचित. त्यातले भोगायला पुढे आले ते प्रारब्ध. आता करतो ते क्रियमाण. सिद्धांताला माझा आक्षेप नाही आणि माझी तेवढी पात्रताही नाही. माझे म्हणणे शब्दाच्या वापराविषयी आहे. घरात दुःख आले, बायको गेली, पीक गेले, आणि माणूस स्वतःशी म्हणाला की हे माझे प्रारब्ध, भोगलेच पाहिजे, तर त्या शब्दाने त्याची कंबर ताठ होते. तो देवाला दोष देत नाही, शेजाऱ्याचा द्वेष करत नाही, टाळ खाली ठेवत नाही. हाच शब्द दुसऱ्याच्या दारात जाऊन उच्चारला की तो औषध राहत नाही, झाकण होतो. कोणाच्या हातून काय घडले, कोणी काय करायला हवे होते, आपण काय करू शकतो, हे सगळे त्या झाकणाखाली जाते. ज्याने काचेच्या नळीत तेजाब भरले, त्याला तर हा शब्द फारच सोयीचा. मेले ते त्यांच्या प्रारब्धाने, मी निमित्त. ‘निमित्तमात्र’ हाही गीतेतला शब्द आपण किती स्वस्त केला आहे! अर्जुनाला तो रणात, शत्रू समोर उभा असताना सांगितला होता. रात्री अंधारात तार सोडून पळून जाणाऱ्याला नव्हता सांगितला.

संतांनी अशा मरणापुढे काय केले, ते पाहू. चोखोबारायांचे मरण कसे झाले हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. इ.स. १३३८ चा सुमार. वेठीला धरलेली माणसे भिंत रचत होती. भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गेले. हा अपघात. कोणी मुद्दाम मारले नाही. ‘प्रारब्ध’ म्हणून हात झटकायला याहून सोयीची जागा कोणती? पण नामदेवराय पंढरपुरात बसून तसे म्हणाले नाहीत. ते मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्याशी बसले, हाडे उचलून कानाशी धरली. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची, अशी ओळख पटवून त्यांनी ती पंढरीस आणली, महाद्वारी समाधी झाली. ज्याला जिवंतपणी देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याच्या हाडांना देवाच्या दारात जागा मिळाली, ती एका शिंप्याने ढिगारा उपसला म्हणून.

ही कथा सांगताना माझे मन नेहमी एका जागी अडते. त्या भिंतीखाली चोखोबा एकटे नव्हते. ज्या हाडांतून ध्वनी आला नाही, त्यांचे काय झाले? कथा सांगत नाही. त्या मजुरांच्याही बायका असतील, कोणी कर्ममेळ्यासारखा मुलगा असेल. मला असे वाटते, आणि हे माझे वाटणे आहे, शास्त्र नव्हे, की नामदेवरायांसारख्या माणसाने ती हाडे उचलून पुन्हा नुसती फेकली नसतील. कानाशी धरल्यावर कोणाचेही हाड हातातून सहज सुटत नाही.

समुद्रात गेलेल्यांची हाडेही मिळत नाहीत. मोठ्या साहेबांची नावे वर्तमानपत्रांत येत. पण त्या काळच्या विलायती बोटींवर राबणारे खलाशी पुष्कळसे आपल्याच देशातले: कोकणातले, गोव्यातले, पंजाबकडचे, बंगालचे. डेकवर कोकणातला माणूस, भट्टीपुढे कोळसा ओढणारा पंजाबकडचा, वाढपी गोव्याचा. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या निवासात पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशांचे. मुंबईला गेलो की आपण सिद्धिविनायक पाहतो, गेटवे पाहतो. मशीद बंदरला कोण जातो?

इथे कोणी म्हणेल की आपल्या मराठी मुलखातली समुद्रातली मोठी दुर्घटना ‘रामदास’ बोटीची. खरे आहे. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्याआधी १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळाने बुडाल्या होत्या. बोटीला तुकोबांचे नाव दिले तरी ती बुडू शकते. इंद्रायणीतून वह्या वर आल्या म्हणून दर्या आपल्याला सूट देत नाही. पण ‘रामदास’ आणि ‘मंगोलिया’ यांच्यात फरक आहे. ‘रामदास’ला लाटेने उलटवले. बोट त्या हवेत सोडायला हवी होती का, हा प्रश्न माणसांना विचारता येतो, विचारलाच पाहिजे. पण लाटेला विचारता येत नाही. ‘मंगोलिया’खाली जे होते ते कोणीतरी बनवले, वाहून आणले, मोजून मापून सोडले. ते वादळ नव्हते. त्याला दैव म्हणणे म्हणजे दैवावर खोटा आळ घेणे आहे.

बरे, कायदा नव्हता असेही नाही. लढाईच्या सात वर्षे आधी, १९०७ साली, हेग येथे राष्ट्रांनी पाणसुरुंगांविषयी करार केला होता. तार तुटून सुरुंग मोकळा झाला तर तो आपोआप निकामी झाला पाहिजे. शांततेने जाणाऱ्या बोटींच्या सुरक्षिततेची शक्य ती काळजी घेतली पाहिजे. लढाई संपल्यावर ज्याने टाकले त्याने काढले पाहिजेत. आणि दुसरे कलम असे की केवळ व्यापारी बोटी अडवण्याच्या हेतूने शत्रूच्या बंदरापुढे सुरुंग टाकू नयेत. त्यातला ‘केवळ’ हा शब्द पाहा. लढाऊ बोट एखादी आली तर येईल, असे मनात धरले की हेतू ‘केवळ’ राहत नाही आणि कलम गळून पडते. शिवाय जर्मनीने आणि फ्रान्सने या कलमाला मान्यताच दिली नव्हती. इंग्रजांनीही हात आखडला असे कोणी समजू नये; १९१८ साली अमेरिका आणि इंग्लंड यांनी मिळून उत्तर समुद्रात सत्तर हजारांच्या आसपास सुरुंगांची भिंत घातली. पाप एका झेंड्याचे नाही.

आणि आपण नागपूरकर त्यातून सुटलो का? रामटेकच्या वाटेवर मनसर आणि कांद्री. तिथल्या खाणींतून विसाव्या शतकाच्या आरंभापासून मँगेनीज निघते आहे. पोलाद बनवायला ते लागते. इथली काळी माती आगगाडीने मुंबईला आणि तिथून आगबोटीने युरोपला जाई. लढाईत पोलादाचे काय झाले हे सांगायला नको. मनसरच्या खाणीत डोक्यावर टोपली वाहणारी बाई दिवसाची मजुरी घेऊन घरी जात होती. तिच्या टोपलीतल्या मातीचा तोफगोळा झाला असेल तर पापाचा वाटा तिच्याकडे येतो का?

वाल्या कोळ्याची गोष्ट आठवा. त्याने घरी जाऊन विचारले, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी का? घरच्यांनी सांगितले, खाण्यात वाटेकरी, पापात नाही. आपण ही गोष्ट सांगताना घरच्यांना स्वार्थी ठरवतो. मला वाटते त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर होते. आजच्या जगात पाप एकाच्या हातून घडतच नाही. खाण, कारखाना, रसायनवाला, हिशेबनीस, खलाशी, कप्तान, बादशहा, अशी ती लांब माळ असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला एवढासाच तुकडा येतो की तो पाप वाटतच नाही. पुण्य वाटले तर वाढते म्हणतात, आणि पाप वाटले की नाहीसे होते अशी सर्वांची समजूत. ती खोटी आहे. वाटा ठरतो तो दोन गोष्टींनी: ठाऊक काय होते, आणि नाही म्हणता येत होते का. टोपलीवालीला ठाऊक नव्हते, आणि नाही म्हणाली असती तर चूल पेटली नसती. ज्याने करारात ‘केवळ’ हा शब्द घातला त्याला सगळे ठाऊक होते आणि नाही म्हणायला काही अडचणही नव्हती. माझ्या मते ‘मंगोलिया’च्या तळाला पहिले भोक त्या शब्दाने पाडले.

नेर्गरचे पुढे काय झाले तेही सांगतो. बादशहाने त्याला सर्वांत मोठा सन्मान दिला. पुढे दुसरे महायुद्ध झाले, जर्मनी हरली आणि १९४७ च्या जानेवारीत म्हातारा नेर्गर सोव्हिएत कैदेत, छावणीत मेला. हे वाचले की मनात चटकन येते: पाहा, फिटले! ही गोष्ट कीर्तनात सांगितली तर टाळ्या पडतील. पण मी ती तशी सांगणार नाही. एक म्हातारा कैदेत मेल्याने तेवीस जणांपैकी एकाचेही घर पुन्हा उभे राहिले नाही. दुसऱ्याच्या मरणावर आपला हिशेब जुळवून समाधान मानायचे, ही तीच सवय आहे. फक्त यावेळी झाकण दुसऱ्या भांड्यावर बसले. ज्ञानोबारायांनी पसायदानात दुष्टाचा नाश मागितला नाही, त्याच्यातला वाकडेपणा जावा असे मागितले. टाळ्यांसाठी आपण ते विसरतो.

आता आपल्या अंगणात येतो. ‘सुरुंग’ हा शब्द विदर्भाला नवा नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोली जिल्ह्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाने पोलिसांची गाडी उडवली. पंधरा जवान गेले आणि गाडी चालवणारा खासगी चालक गेला. तो ना पोलीस, ना कोणाचा शत्रू. गाडी चालवून पोट भरणारा.

आणि याच मुलखात सुरुंग पाणी काढायलाही लावतात. विहीर खणताना खडक लागला की सुरुंगवाल्याला बोलवावे लागते. दारू तीच. पण तो काय करतो ते आठवा. वात पेटवण्याआधी तो काठावर उभा राहून चारही दिशांना ओरडतो. बाया-माणसे, गुरे-ढोरे बाजूला होईपर्यंत थांबतो. रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणूस उभा करतो. मग वात. त्या ओरडण्यात सगळा धर्म आहे. समुद्रातला सुरुंग आणि विहिरीतला सुरुंग यांत दारूचा फरक नाही, हाकेचा आहे.

म्हणून मला आपल्या शेतकरी माऊलींशी एका गोष्टीवर स्पष्ट बोलायचे आहे. रानडुकरांनी पीक लोळवले की काय होते, हे ज्याने रात्रभरात झोपलेला हरभरा सकाळी पाहिला आहे त्यालाच कळते. नुकसानभरपाईचे कागद, पंचनामे, त्यांचे पुढे काय होते, तेही ठाऊक आहे. त्या संतापात माणूस रात्री कुंपणाच्या तारेत सरळ वीज सोडतो. विदर्भात कितीतरी ठिकाणी हे होते. सकाळी तारेजवळ कधी डुक्कर असते. कधी वाघ असतो. कधी शेजारच्या शेताला पाणी द्यायला निघालेला माणूस असतो, कधी पहाटे तार सोडवायला विसरलेल्या शेतकऱ्याच्या घरचेच कोणी असते. आणि मग तोच शब्द ऐकू येतो: ‘मी डुकरासाठी लावली होती.’ हे हेगच्या करारातले ‘केवळ’च नव्हे काय? तारेला डुक्कर कळत नाही. तिला, त्या शिशाच्या शिंगासारखे, फक्त अंग लागलेले कळते. आणि गेलेल्या माणसाच्या तेराव्याला पंगतीत कोणी तरी हळूच म्हणतो, ‘प्रारब्ध.’ त्या घरच्या बाईने म्हटले तर मी तिच्यापुढे डोके ठेवीन. तार लावणाऱ्याने म्हणू नये. आणि आपण, जे सगळे पाहून गप्प बसलो, आपणही म्हणू नये.

लढाई संपल्यावर सुरुंग काढायचे काम कसे चालले तेही थोडे सांगण्यासारखे आहे. दोन बोटी मध्ये लांब तार ओढत समांतर चालत. तार सुरुंगाच्या तारेला अडकली की ती कापली जाई आणि गोळा वर येई. मग दुरून गोळी झाडून तो फोडायचा किंवा बुडवायचा. इंग्लंडच्या किनाऱ्यावर हे काम पुष्कळसे मासेमारीच्या बोटी करत. कोळ्यांना जाळे ओढायची सवय होतीच. टाकायला एक रात्र पुरते. काढायला महिने लागतात, आणि काढणाऱ्यांतलेही मरतात. काम लवकर उरकते ते एकाच गोष्टीने: टाकणाऱ्याने नकाशा पुढे ठेवला आणि कुठे कुठे टाकले ते सांगितले, तर. संसारातही असेच असते. बापाने एका भावाला न सांगता सातबाऱ्यावर एक ओळ फिरवलेली असते आणि ती बाप गेल्यावर वीस वर्षांनी नातवंडांच्या पायाखाली फुटते. हयातीत एकदा सगळ्यांना बसवून ती ओळ वाचून दाखवली असती तर भांडण झाले असते, पण घर फुटले नसते. आपल्या ओळखीत असे एखादे घर नाही, असा वारकरी सापडणे कठीण.

तारेला दुसरा उपाय नाही असे कोणी म्हणेल तर आहे. सौर कुंपणाचे झटका मशीन मिळते. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही, आणि कुंपणावर पाटी लावता येते. त्याला पैसे पडतात, हे मान्य. चार शेजाऱ्यांनी मिळून लावले तर कमी पडतात. आणि ज्याला तेही जमत नाही त्याच्यासाठी आपल्या वाडवडिलांची जागल आहे. मचाणावर दोघांनी बसायचे, टिनाचा डबा वाजवायचा, अधूनमधून हाक द्यायची. झोप मोडते, अंग दुखते, थंडी वाजते. आमच्या भागात काही जण जागलीला टाळ घेऊन जातात आणि हरिपाठ म्हणतात. रानडुकराला टाळांचा आवाज अजिबात चालत नाही, हे ज्यांनी मचाणावर रात्री काढल्या आहेत ते सांगतील. आणि अंधारात बांधावरून जाणाऱ्या माणसाला लांबूनच कळते की इथे कोणीतरी जागे आहे.